काचेतला पाहुणा

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

त्यांच्या संगणकावर एक स्वयंपाकघर होतं. मुळात ते चार पावलांत संपणारं, पण वाइड लेन्समधून काढल्यामुळे त्यात एखादी बस वळवता आली असती. साहेबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि ओव्हनच्या काळ्या दारावर पेनाचं टोक ठेवलं. दारात एक माणूस उभा होता. डोक्याच्या जागी कॅमेरा, आणि खाली पाच पाय. तीन स्टँडचे, दोन त्याचे स्वतःचे.

"मी," तो म्हणाला.

"आणि हा? न्हाणीघराच्या काचेत?"

"तोही मीच."

"हा बेडरूममधला?"

त्यानं पडद्याकडे न बघताच मान हलवली. दुसरं कोण असणार? लोकांच्या बेडरूममध्ये भर दुपारी बूट काढून उभं राहायचा पगार ऑफिसात त्या एकट्यालाच मिळत होता.

"काल एका बाईंचा फोन होता," साहेब म्हणाले. "घर आवडलंय. फक्त विचारत होत्या, तो बेडरूममधला माणूस घराबरोबर येतो का."

साहेब हसले नाहीत. ते रागावतही नसत. ते दुखावले जात, आणि ते जास्त त्रासाचं होतं. रागावलेल्या साहेबाला काही उत्तर देता येतं, दुखावलेल्याला फार तर पाणी विचारता येतं.

घरं विकून देणाऱ्या त्या ऑफिसात तो नऊ वर्षं फोटो काढत होता. छोट्या खोल्या मोठ्या करणं, अंधाऱ्या खोल्या उजळ करणं आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर खिडकी अशा कोनातून घेणं की पलीकडे बाग असावीसं वाटेल, एवढं त्याचं काम. ते तो चोख करायचा. फक्त प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या काचेत तो स्वतः उभा असायचा. म्हणून ऑफिसात त्याला सगळे पाहुणा म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि हल्ली पगाराच्या पाकिटावरसुद्धा पेन्सिलीनं तेच लिहिलेलं असायचं.

पहिली तंबी मिळाली तेव्हा त्यानं उपाय केला होता. काचेवरची चकाकी घालवणारा एक पोलरायझर फिल्टर आणून लेन्सवर चढवला. त्याचं कडं एवढं जाड होतं की वाइड लेन्सला चारी कोपऱ्यांत ते कडंच दिसू लागलं. महिनाभर जाहिरातींत सगळ्या खोल्या नळकांड्यातून बघितल्यासारख्या गोल आल्या. एका निवृत्त जहाज-कप्तानानं तेवढ्यावर तीन घरं बघितली आणि खोल्यांना कोपरे आहेत म्हणून तिन्ही नाकारली.

"नीट फिल्टर घे," साहेब म्हणाले. "ऑफिसच्या नावावर घे. पण आता शेवटचं. पुढच्या फोटोत मला माणूस दिसता कामा नये. मोकळी खोली विकायची असते आपल्याला. दुसऱ्याच्या खोलीत कोणी पैसे टाकत नाही."

"बरं."

"शनिवारी चौथ्या मजल्यावरचं एक घर आहे. लिफ्ट नाही." साहेबांनी कागद पुढे सरकवला. मग थोडा वेळ ते पेनाच्या टोपणाशी खेळले. "तुझ्या वडिलांचं. तुझ्या ताईंचा परस्पर फोन आला होता. मला वाटलं, तुला माहीत असेल."

पाहुण्याला माहीत होतं. म्हणजे घर विकायचं ठरतंय हे माहीत होतं. शनिवार माहीत नव्हता.

अण्णा दोन महिन्यांपूर्वी जिन्यात पडले होते. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांच्या भरवशावर वरखाली होत, आणि ते स्वतः चौथ्या मजल्यावर जिन्यानं चढत. ह्यावर घरात कोणी विनोद केलेला त्यांना चालत नसे. पाय दुखावला, डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. दवाखान्याच्या बाकावर ताईनं विचारलं होतं, "तुझ्याकडे जमेल का रे? निदान तुझं तळमजल्यावर आहे. इथंच राहतील, ओळखीची माणसं आहेत. माझ्याकडे नेलं तर रात्रभराचा प्रवास, आणि तिथं त्यांना कुत्रं ओळखत नाही."

"माझी एकच खोली आहे," तो म्हणाला होता. "जागा कुठं आहे?"

ताईनं पुन्हा विचारलं नाही. ताई कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसे, तिच्या नवऱ्यानंही हे लग्नाआधी समजून घेतलं होतं.

आता ह्यात एक भानगड होती आणि ती फक्त पाहुण्याला माहीत होती. मागे एकदा नवी लेन्स तपासायला त्यानं स्वतःच्याच खोलीचा फोटो काढला होता. पाठ दाराला टेकवून, सवयीनं, नेहमीच्या कोनातून. पडद्यावर आली ती चांगली ऐसपैस खोली होती. खिडकीखाली एक खाट सहज बसली असती, शेजारी खुर्चीसुद्धा. हे लेन्सचं खोटं, असं तो स्वतःला म्हणाला. मग टेप घेऊन मोजली. खिडकीखाली खाट खरोखरच बसत होती. त्यानं फोटो पुसून टाकला आणि टेप कपाटावर फेकली. ती अजून तिथंच होती. का पुसला, हे त्याला सांगता आलं नसतं. एकटं राहायची सवय लागली की ती सोडवत नाही, आणि ती सवय आहे हेही कोणाला सांगवत नाही.

फिल्टरचं दुकान एक बाई चालवत. दुकान त्यांच्या भावाचं. भाऊ गेल्यावर बाई शाळेतून निवृत्त होऊन थेट गल्ल्यावर येऊन बसल्या. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे गिऱ्हाइकाला आपोआप उभं राहून उत्तर द्यावंसं वाटे. दुकानात स्टूल होतं, पण त्यावर कोणी बसलेलं पाहुण्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"काय हवंय?"

"पोलरायझर. वाइड लेन्सला."

"आकाश गडद करायचंय, की चकाकी घालवायचीय?"

"माणूस घालवायचाय."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणता माणूस?"

"मी."

शाळेत बाईंनी ह्याहून विचित्र उत्तरं ऐकली असणार. त्यांनी आधी त्याचा जुना फिल्टर मागितला, बघितला, आणि कॉपी केलेली वही परत करावी तसा दोन बोटांत धरून परत केला. मग सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. उजेड काचेवर आपटून परत येतो तेव्हा तो एकाच बाजूनं थरथरत येतो. हा फिल्टर म्हणजे दारावरचा रखवालदार. कडं फिरवून त्याला सांगायचं, अशा थरथरणाऱ्याला आत सोडू नकोस. मग चकाकी अडते आणि काचेच्या मागचं दिसायला लागतं. त्यांनी दोन फिल्टर एकावर एक धरले आणि वरचा फिरवला. मधली काच हळूहळू काजळत गेली आणि पार काळी झाली. पाहुण्याला हे आधीपासून माहीत होतं, तरी त्यानं मान हलवली. बाईंसमोर मान हलायचीच.

निवडीवर मात्र बराच वेळ गेला. बारीक कड्याचा एक होता, कोपऱ्यात दिसला नसता. पण त्याला पुढे आटे नव्हते, त्यामुळे लेन्सचं झाकण बसत नव्हतं.

"विसराळू आहात का?" बाईंनी विचारलं. "उघडी काच पिशवीत टाकाल, चरे पडतील."

"नाही, विसराळू नाही."

"जुन्या फिल्टरची पावती आणलीत?"

"हरवली."

बाईंनी बारीक कड्याचा फिल्टर खणात परत ठेवला. मग लेन्सच्या मापापेक्षा मोठा फिल्टर आणि तो बसवायला एक जोडकडं काढलं. जाड असलं तरी रुंद, त्यामुळे कडं लेन्सच्या नजरेबाहेर राहणार. वजनदार, पण झाकण बसणारं. "वाइड लेन्सचे डोळे कानापर्यंत असतात," त्या म्हणाल्या. "तिच्यापासून काही लपवायचं तर लांब लपवावं लागतं."

त्यांनी फिल्टर त्याच्या हातात दिला आणि दुकानातल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथं भावाच्या वेळचे जुने कॅमेरे मांडले होते. पाहुणा कपाटाच्या अगदी समोर उभा राहिला, फिल्टर डोळ्याला लावला आणि कडं फिरवलं. काचेत त्याचाच चेहरा होता. पूर्ण फिरवलं. चेहरा तिथंच.

"हा खराब आहे," तो म्हणाला.

"फिल्टर चांगला आहे. तुम्ही समोर उभे आहात. समोरून नाही जात. इकडे या, बाजूला. तिरके. आता त्या टोकाला बघा."

तिरक्या नजरेत काचेवर दुकानाचं उघडं दार आणि रस्ता पडला होता. त्यानं कडं फिरवलं आणि रस्ता विझला. जुने कॅमेरे एकदम हाताला लागतील एवढे स्पष्ट झाले. एकावर किमतीची चिठ्ठीसुद्धा होती, बाईंच्या भावाच्या अक्षरातली. बाईंनी ती कधीच बदलली नसावी.

"वाइडमध्ये एका वेळी एकच काच नीट साफ होईल," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचा कोन जुळणार नाही. कोणती साफ करायची ते तुम्ही ठरवायचं. आणि समोरच्या काचेत तुम्ही राहणारच." त्या पावती फाडता फाडता थांबल्या. "एक सांगा. टायमर लावून बाजूला का होत नाही?"

पाहुण्यानं पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली. टायमर होता. कॅमेरा घेतल्यापासून होता. दहा सेकंद मिळतात, चार पावलं टाकली की माणूस खोलीबाहेर. हे त्याला नऊ वर्षं माहीत होतं. पण त्या मोठमोठ्या रिकाम्या खोल्यांत, ज्यांत तो कधीच राहणार नव्हता, तेवढा एक क्षण उभं राहायला त्याला बरं वाटायचं.

"सवय नाही," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पेपर तपासल्यासारखं बघितलं आणि पावती दिली. "ही तरी सांभाळा."

शनिवारी तो चार जिने चढून गेला तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. त्यांना वाटत होतं की फोटोत तेही यायचे आहेत.

"नाही अण्णा. रिकाम्या खोलीचा फोटो लागतो."

"खोली रिकामी कुठं आहे? मी आहे की."

"तेच. तुम्ही पाच मिनिटं आतल्या बाजूला बसलात तर बरं."

"मी इथंच बसणार," अण्णा म्हणाले. "विकली जाईपर्यंत खुर्ची माझी आहे. विकली गेली की उठेन. तू काढ तुझं."

ह्यापुढे त्यांना हलवणं कोणाला जमलं नसतं. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एकदा ते चार तास अडकले होते आणि आतूनच दुरुस्त करून बाहेर आले होते, कारण अग्निशामक दलाला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

सुदैवानं खोली वाकडी होती. डाव्या बाजूला अर्ध्या भिंतीच्या आड माणूस बसेल एवढा एक कोनाडा होता आणि खुर्ची त्यात होती. दारातून कॅमेऱ्याला खुर्ची दिसत नव्हती. दिसत होतं ते उजव्या भिंतीवरचं आईचं काचेचं कपाट, आणि त्या काचेत, बरोबर मध्ये, इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा. समोरच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची काळपट भिंत हातभर अंतरावर आली होती. त्यामुळे खिडकीचा आरसा झाला होता आणि त्यात पाहुणा पाच पायांवर उभा होता. म्हणजे मोकळी खोली काढायला आलेल्या माणसाच्या फोटोत घरातली सगळी माणसं हजर होती. आई तेवढी नव्हती. ती सहा वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्यामागे कपाटाची किल्लीही सापडली नाही. अण्णांनी ते कुलूप दोन मिनिटांत उघडलं असतं. उघडलं नाही. कोणी विचारलं तर किल्ली सापडेल म्हणत.

त्यानं जोडकडं बसवलं, मोठा फिल्टर चढवला. अण्णा कान देऊन ऐकत होते.

"आटे चांगले आहेत," ते कोनाड्यातून म्हणाले. "आवाजावरून कळतं. काय आहे ते?"

त्यानं सांगितलं. काचेवरची चकाकी जाते, आतलं दिसतं.

"बघू."

खुर्ची सोडणार नाही म्हणणारे अण्णा काठी घेऊन उठले, कारण यंत्राची गोष्ट निराळी. ते कॅमेऱ्यापाशी आले, एक डोळा मिटला आणि कडं दोन बोटांत धरून अलगद फिरवलं. त्यांचा हात यंत्रावर कधी थरथरत नसे, चहाच्या कपावर थरथरे.

"फिरतंय मऊ. तेल कुठलं?"

"तेल नसतं अण्णा."

"मग नाही टिकायचं." त्यांनी आणखी फिरवलं. आणि मग बोटं थांबली.

पाहुण्याला वाटलं, दुखलं काही. पण ते डोळा लावून तसेच उभे होते.

"त्या कपात काय आहे?" ते शेवटी म्हणाले. "मधल्या फळीवर. पिवळं."

त्यानं बघितलं. आईच्या पाच निळ्या कपांपैकी एकात एक छोटा स्क्रूड्रायव्हर उभा होता. पिवळ्या मुठीचा, घड्याळजीकडे असतो तेवढा. शेजारी तिचा जुना चष्मा, काडीला दोरा गुंडाळलेला.

"चष्म्याचे स्क्रू आवळायला घेतला असणार," अण्णा म्हणाले.

त्या स्क्रूड्रायव्हरवरून झालेलं भांडण घरात सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या जोडीला एक उंच, मान पुढे काढून चालणारा मिस्त्री होता, त्याला सगळे उंट म्हणत. तीस वर्षं दोघं एकाच दोरावर लटकून कामं करत होते. एक दिवस पिवळा स्क्रूड्रायव्हर हरवला आणि अण्णांनी भर कारखान्यात उंटाला चोर म्हटलं. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. उंट तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हाही अण्णा गेले नव्हते. पाय दुखतो म्हणाले होते. तेव्हा पाय दुखत नव्हता.

"रोज ह्याच्यासमोर बसतो मी," अण्णा म्हणाले. "खुर्चीतून मीच दिसतो."

ते काठी टेकत परत खुर्चीत जाऊन बसले. मग बराच वेळ शर्टाचं वरचं बटण लावत राहिले. ते आधीच लावलेलं होतं.

त्यांना आता आत बसा म्हणणं पाहुण्याच्या जिवावर आलं. त्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला. कपाटात अण्णा होते, दोन्ही हात काठीवर. त्यानं कडं हळू फिरवायला घेतलं.

"त्यात मी दिसतोय का?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"घालव मग. साहेबाला नको असेन तर."

"घालवतोय."

"गेलो का?"

"अजून नाही."

"आता?"

"शर्ट राहिलाय."

"पांढरा आहे, वेळ लागेल," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता?"

काचेत पाच कप होते, चष्मा होता, पिवळी मूठ होती. गेलात, हा साधा शब्द होता, पण पाहुण्यानं तो टाळला. "हो," तो म्हणाला.

"दुखलं नाही काही," अण्णा म्हणाले. "आणि तू?"

"मी खिडकीत आहे. समोरून नाही जात. जागा सोडावी लागते."

"मग सोड की."

दाराला टेकलेली पाठ त्यानं अलग केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्यावर टायमर लावला, बटण दाबलं आणि चार पावलांत अर्ध्या भिंतीच्या आड गेला. कोनाड्यात दुसरी खुर्ची नव्हती. तो अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसला. लहानपणी इथंच बसून तो त्यांच्या अवजारांच्या पेटीतले नटबोल्ट मापाप्रमाणे लावायचा. कॅमेऱ्याचा लाल दिवा सावकाश लुकलुकू लागला. समोरच्या कपाटाच्या काचेत दोघंही दिसत होते. तिथून, समोरून, दिसणारच होते. एक खुर्चीत, एक खाली.

"अण्णा, माझ्या खोलीत खिडकीखाली एक खाट—"

"हलू नकोस. फोटो चाललाय."

"आपण फोटोत नाही आहोत."

"तरी."

दिवा भराभर लुकलुकला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चहाचा कप धरताना थरथरतो तसा तो थरथरत होता. दोघं ताठ बसले, समोर बघत, श्वास धरून, जसे जुन्या स्टुडिओत लोक बसत. कॅमेरा वाजला.

"ती खाट बसते, मला माहीत आहे," अण्णा हात न काढता म्हणाले. "मागे तुझ्याकडे आलो होतो ना, तू घासलेट का काय आणायला गेला होतास, तेव्हा मी पावलांनी मोजली होती. जाऊ दे. ताईनं तिकीट काढलंय. तिला आता नाही म्हणायचं कोणी? तू म्हणशील?"

तो विचार करत राहिला. तो जरा जास्तच वेळ विचार करत राहिला, आणि तेवढ्यात अण्णांनी हात काढून घेतला.

निघताना त्यानं कपाटाचं कुलूप उघडू का विचारलं. अण्णा म्हणाले, किल्ली सापडेल.

सोमवारी साहेबांनी फोटो पडद्यावर घेतला. मोठा केला, आणखी मोठा केला. कपाट तपासलं, टाइल्स तपासल्या, दाराची मूठ तपासली. पेनाचं टोक सगळीकडे फिरलं आणि कुठंच टेकलं नाही.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा दुखावलेले दिसले नाहीत. "बघ, जमतं की नाही. खोली किती मोठी वाटतेय." त्यांनी शेजारच्यांना बोलावून दाखवला. शेजारचे म्हणाले, आता ह्याला पाहुणा म्हणता येणार नाही. दुसरं नाव शोधायला हवं. पण लगेच कोणाला सुचलं नाही.

दुपारी एका पार्टीचा फोन आला. घर पसंत होतं, फक्त एक शंका होती. साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि त्याच्याकडे वळले. "खिडकीत कसलातरी तीन पायांचा स्टँड उभा आहे म्हणतात. तो घराबरोबर येतो का?"

"नाही," तो म्हणाला. "तो तिथं राहत नाही."

साहेबांनी तसं कळवलं. पाहुण्यानं स्वतःच्या पडद्यावर फोटो उघडला आणि कपाटाची मधली फळी मोठी करत नेली, कप दिसेपर्यंत, मग पिवळी मूठ दिसेपर्यंत, मग त्याचे नुसते चौकोन होईपर्यंत. काच अगदी साफ आली होती.